एआयला विचारण्याआधीची पंधरा मिनिटं

प्रोग्रॅमिंगची पहिली नोकरी, इंटर्नशिप किंवा कोर्स संपवून हाती घेतलेला पहिला खरा प्रोजेक्ट, यांपैकी कुठेतरी तुम्ही असाल असं धरून हा लेख लिहितोय. तुमच्या एडिटरमध्ये एआय असणारच. ते काढून टाका असं मी सांगणार नाही. मी स्वतः रोज वापरतो. गिटहब कोपायलट, म्हणजे एडिटरमध्येच कोड सुचवणारं एआय, २०२१ मध्ये चाचणीपुरतं आणि २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आलं. त्यानंतर कोड शिकायला लागलेल्या अनेकांनी एआयशिवाय काम करण्याचा काळ पाहिलेलाच नाही. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. पण आधीच्या लोकांना जे अडत-ठेचकाळत आपोआप शिकायला मिळालं, ते आता आपोआप मिळत नाही, मुद्दाम मिळवावं लागतं. ते कसं मिळवायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रोग्रॅमरचा हात बसतो तो अडलेल्या जागी. एरर वाचून काही कळत नाही, एक अंदाज बांधला तो चुकला, दुसरा बांधला तोही चुकला, तिसऱ्याला कुठे पाणी मुरतंय ते सापडलं. या धडपडीतच शिकणं होतं, आणि एआय नेमकी तीच धडपड वाचवतं. म्हणून एआय वापरायचं की नाही यापेक्षा कधी वापरायचं, आपला प्रयत्न करण्याआधी की केल्यानंतर, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

आधी पुरावा काय सांगतो ते बघू

वेग खोटा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला होता. कोपायलट वापरणाऱ्यांचं काम जवळपास ५६ टक्के लवकर झालं. काम सुटसुटीत, नव्याने लिहायचं आणि हजारो लोकांनी आधी केलेलं असलं की एआय सुसाट पळतं.

आता दुसरी बाजू. अँथ्रोपिक ही स्वतः एआय बनवणारी कंपनी, त्यामुळे तिच्या संशोधकांनी २०२६ च्या सुरुवातीला मांडलेला निष्कर्ष मला जास्त बोलका वाटतो. ५२ प्रोग्रॅमर, बहुतेक ज्युनियर. सगळ्यांना पायथन येत होतं, पण ट्रायो ही लायब्ररी नवी होती. निम्म्यांना एआय दिलं, निम्म्यांना नाही. काम झाल्यावर त्याच विषयावर चाचणी घेतली. एआयवाल्या गटाला सरासरी ५० टक्के गुण मिळाले, हाताने लिहिणाऱ्यांना ६७. सर्वांत मोठी तफावत डीबगिंगच्या, म्हणजे कोडमधली चूक शोधून काढण्याच्या प्रश्नांत होती. बरं, एआयवाल्यांचा वेळ तरी वाचला का? दोनेक मिनिटं, तीही आकडेशास्त्राच्या हिशेबात न धरण्याइतकी.

याच अभ्यासात एक आशादायक गोष्टही होती. एआय वापरणारे सगळे मागे पडले नव्हते. ज्यांनी सगळं काम त्याच्यावर सोपवलं त्यांचे गुण ४० टक्क्यांच्याही खाली गेले. ज्यांनी त्याला फक्त संकल्पना विचारल्या, किंवा कोड घेतल्यावर तो समजून घेण्यासाठी पुढचे प्रश्न विचारले, त्यांचे गुण हाताने लिहिणाऱ्यांच्या आसपास राहिले. साधन तेच, वापरण्याची रीत वेगळी.

प्रोग्रॅमिंगच्या बाहेरही हेच दिसलं आहे. तुर्कस्तानात शाळेतल्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ दिलं गेलं. साध्या चॅटवाल्या मुलांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली; पण नंतर ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या एका गटाच्या चॅटमध्ये थेट उत्तर न देता फक्त इशारे देण्याची सोय होती. त्यांचं नुकसान जवळजवळ झालंच नाही.

आणि स्वतःच्या अंदाजावर फार विसंबू नका. २०२५ मध्ये मीटर या संस्थेने १६ अनुभवी ओपन-सोर्स प्रोग्रॅमरकडून त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं करून घेतली. एआयसह काम करताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावर ते सांगत होते की आम्ही २० टक्के लवकर केलं. इतक्या मुरलेल्या लोकांची ही गत, तर नवख्याला ‘माझं काम झरझर होतंय’ असं वाटणं हा शिकल्याचा पुरावा कसा मानायचा?

आता कामाला लागू.

पायरी १: आपण कुठे आहोत ते बघा

कुठलंही एआय बंद करून एक छोटं काम करा. उदाहरणार्थ: मजकुराची एक फाइल वाचायची, प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजायचं आणि सर्वांत जास्त वेळा आलेले दहा शब्द छापायचे. भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायला हरकत नाही. तयार उत्तरं शोधायची नाहीत. शेजारी एक कागद ठेवा आणि जिथे जिथे थांबलात तिथे का थांबलात ते एका ओळीत लिहा.

नंतर तो कागद वाचा. काही ठिकाणी तुम्ही फंक्शनचं नाव किंवा लिहिण्याची पद्धत विसरलात म्हणून थांबला असाल. ते सोडून द्या. वीस वर्षं काम केलेले लोकही डिक्शनरी किमतीनुसार कशी लावायची ते दर वेळी शोधतात. पण ‘आता पुढे काय करायचं तेच सुचत नाही’ म्हणून थांबला असाल, किंवा कोड चालला, उत्तर चुकलं आणि कुठे बघायचं ते कळलं नाही असं झालं असेल, तर त्यावर काम करायला हवं.

आणखी एक बघा. वाक्याच्या मध्ये आलेला ‘घर’ आणि पूर्णविरामाला चिकटलेला ‘घर.’ हे दोन वेगळे शब्द मोजले गेले का? फाइल रिकामी असेल तर काय होतं? दहाव्या आणि अकराव्या शब्दाची संख्या सारखी असेल तर कोणाला घ्यायचं? एआयकडून कोड घेतला की हे प्रश्न बऱ्याचदा ते परस्पर मिटवून टाकतं. ते कधी पडले होते हेही तुम्हाला कळत नाही, आणि एखादा त्याने मिटवला नाही तर तेही कळत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी अशाच आकाराचं दुसरं काम घेऊन हे पुन्हा करा. कागद जपून ठेवा.

पायरी २: कोणतं काम द्यायचं, कोणतं ठेवायचं

काम एआयला देण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हे मला स्वतः लिहिता येईल का? आणि त्याने चूक केली तर ती माझ्या लक्षात येईल का? दोन्हींना ‘हो’ असेल तर खुशाल द्या: चाचणीसाठी खोटा डेटा, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात रूपांतर, तेच ते कॉन्फिगरेशन. दोन्हींना ‘नाही’ असेल तर ते काम तुमच्या शिकण्याचं आहे, मग ते कितीही कंटाळवाणं वाटो.

अडचण येते ती मधल्या कामांत. रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधायचं सूत्र घ्या. लिहिता येत नाही, पण पाच-सहा नमुने देऊन तपासता येतं. द्या, पण तपासायचे नमुने तुमचे असू देत. उलट, डेटाबेसची क्वेरी लिहिता येते, पण दहा लाख नोंदींवर ती का रखडते ते सांगता येत नाही, तर ती क्वेरी निदान काही महिने स्वतःच लिहा आणि डेटाबेसला तिचा एक्झिक्यूशन प्लॅन, म्हणजे ती तो कुठल्या पायऱ्यांनी चालवणार ते, दाखवायला सांगा. नवी भाषा किंवा नवी लायब्ररी शिकत असाल तर पहिला प्रोग्रॅम हातानेच. ट्रायोच्या अभ्यासातली चाचणी नेमकी याच प्रसंगाची होती.

पायरी ३: पंधरा मिनिटं आणि तीन ओळी

अडलात की लगेच चॅट उघडू नका. घड्याळ लावा, आणि त्या पंधरा मिनिटांत तीन ओळी लिहा: काय व्हायला हवं होतं, काय होतंय, माझा अंदाज काय. समजा असं:

‘यादी तारखेनुसार चढत्या क्रमाने यायला हवी होती. १० तारखेची नोंद २ तारखेच्या आधी येतेय. अंदाज: तारीख मजकूर म्हणून साठवली जातेय, त्यामुळे आधी १ आणि २ या अक्षरांची तुलना होतेय.’

तिसरी ओळ लिहितानाच उत्तर सापडलं, असं किती वेळा होतं ते बघाच. रबरी बदकाला आपला कोड समजावून सांगायची प्रोग्रॅमर लोकांची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालायची. बदकाची खासियत ही की ते मध्ये बोलत नाही. एआयला हे काही जमत नाही.

पंधराच का, यामागे काही शास्त्र नाही. एरर संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला, डॉक्युमेंटेशनचं एक पान चाळायला आणि दोन-तीन व्हेरिएबल छापून बघायला एवढा वेळ पुरतो. एरर पूर्ण वाचा हे मुद्दाम सांगतोय, कारण नवे लोक तो वाचण्याआधीच कॉपी करतात. पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे एररबरोबर येणारी ओळींची यादी, खालून वर वाचायचा: सर्वांत खाली काय चुकलं ते, त्याच्या वर कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत. त्यातली आपण लिहिलेली ओळ कोणती आणि लायब्ररीतली कोणती, एवढं वेगळं करता आलं तरी निम्मं काम होतं.

अपवाद दोन. काही केल्या इन्स्टॉल होत नाही, व्हर्जन जुळत नाही, अशा भानगडींत पंधरा मिनिटंही घालवू नका. त्यातून शिकायला फारसं काही नसतं. आणि पंधरा मिनिटांनंतर हट्टाने अर्धा दिवस अडून बसू नका. एआयला विचारा, नाहीतर सरळ शेजारच्या सीनियरला विचारा. सीनियर कधीकधी असंही सांगतो की हे काम करायचीच गरज नाही. एआयकडून ते क्वचितच ऐकायला मिळतं.

पायरी ४: विचारायचं कसं

‘हे चालत नाही, दुरुस्त कर’ असं विचारलंत तर दुरुस्त केलेला कोड मिळेल आणि तुम्ही होता तिथेच राहाल. त्याऐवजी वरच्या तीन ओळी द्या आणि पुढे लिहा: ‘कोड देऊ नकोस. माझा अंदाज बरोबर आहे का, आणि नसेल तर मी कुठे बघावं, तेवढंच सांग.’ संकल्पना समजून घ्यायची असेल तर: ‘हे का लागतं ते सांग, आणि मला समजलं की नाही ते तपासायला एक प्रश्न विचार.’ कोड घ्यावाच लागला तर: ‘यातली कुठली ओळ काढली तर काय बिघडेल?’ बहुतेक साधनांत कायमच्या सूचना लिहून ठेवायची सोय असते. मी शिकतोय, आधी इशारा दे, पूर्ण उत्तर मागितल्यावरच दे, असं तिथे एकदा लिहून टाका.

एक सावधगिरी. ही मॉडेल हो ला हो फार करतात. ‘हे असंच असतं ना?’ असं विचारलंत तर ‘अगदी बरोबर’ असं उत्तर येण्याची शक्यता दांडगी. म्हणून प्रश्न उलटा टाका: ‘माझा कोड चुकेल असा एक इनपुट दे.’ मिळालेला इनपुट स्वतः चालवून बघा.

टाइप करताना पुढे उमटणाऱ्या करड्या सूचना शिकताना बंद ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे. चॅटमध्ये निदान प्रश्न तरी तयार करावा लागतो. करडी सूचना तुमचा विचार पूर्ण व्हायच्या आत समोर येते, आणि मग आपण लिहीत नाही, नुसतं ‘हे चालेल का’ एवढंच ठरवत टॅब दाबत बसतो. बहुतेक एडिटरमध्ये ही सोय एका क्लिकवर बंद-चालू होते.

पायरी ५: आलेला कोड परक्याचा समजून वाचा

एआयचा कोड दिसायला नीटनेटका असतो. नावं चांगली, कमेंट जागच्या जागी. नवख्याच्या कोडमध्ये चूक असली की बहुधा कोडच विस्कटलेला दिसतो; इथे चूकही इस्त्री केलेल्या कपड्यांत येते. स्टॅनफर्डमधल्या ४७ जणांच्या एका अभ्यासात दिसलं की एआयची मदत घेणाऱ्यांनी कमी सुरक्षित कोड लिहिला, आणि आपला कोड सुरक्षित आहे असा विश्वासही त्यांनाच जास्त होता.

काही जागा दर वेळी बघायच्याच. नवं पॅकेज आलं असेल तर ते खरंच आहे का, कोण सांभाळतं, शेवटचं कधी सुधारलं. २०२५ च्या एका अभ्यासात १६ मॉडेलकडून कोडचे ५ लाख ७६ हजार नमुने घेतले, तर त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास २० टक्के अस्तित्वातच नव्हती. विकतच्या मॉडेलमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं, खुल्या मॉडेलमध्ये २१ च्या पुढे. असं काल्पनिक नाव कोणी हेरून त्या नावाने घातक पॅकेज चढवलं, तर तुमची एक इन्स्टॉलची कमांड पुरते. याला स्लॉपस्क्वॉटिंग असं नावही पडलंय.

मग बघा, एरर कुठे गिळला जातोय का. ‘एरर जायला हवा’ असं सांगितलं की ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर पकडणाऱ्या रचनेत) गुंडाळून पुढे जायचं हा सोपा उपाय असतो. एरर दिसेनासा होतो, पण बिघाड तिथेच राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तसंच वापरकर्त्याने भरलेला मजकूर थेट क्वेरीच्या वाक्यात जोडला जातोय का तेही पाहा. अशा मजकुरातून कोणी डेटाबेसला भलतीच आज्ञा देऊ शकतं; एसक्यूएल इंजेक्शन हा जुना आजार अजून गेलेला नाही.

टेस्टच्या बाबतीत तर दुप्पट जागरूक राहा. एआयला कोड दाखवून ‘याच्या टेस्ट लिही’ म्हटलं की ते कोड जे करतो त्यालाच बरोबर धरून टेस्ट लिहू शकतं. लीप वर्षाचं फंक्शन घ्या. त्यात फक्त ‘४ ने भाग जातो का’ एवढंच तपासलं असेल, तर १९०० हे लीप वर्ष आहे असं ते सांगेल, आणि त्यावरून बेतलेली टेस्टही मान डोलवेल. १९०० लीप नाही, २००० आहे. अशा अपेक्षित उत्तरांची यादी आधी तुम्ही करायची, कोड न बघता. टेस्टचा सांगाडा हवा तर एआयने लिहावा.

वाचून झालं की शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत नकोशी वाटणारी गोष्ट: तो कोड बंद करा, कोरी फाइल उघडा आणि स्वतः लिहा. शब्दाला शब्द जुळायला नको. जिथे अडाल, तिथे तुम्हाला समजलेलं नव्हतं, नुसतं ओळखीचं वाटत होतं. सगळ्याच कोडला हे करत बसू नका; ज्यात नवी कल्पना आहे तेवढ्यालाच.

पायरी ६: डीबगिंग कोणाला देऊ नका

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी धरून ठेवा. एआयने लिहिलेला कोड तपासायला जे कौशल्य लागतं ते डीबगिंगचं, आणि एआयवर विसंबल्याने सर्वांत आधी कमजोर होतं तेही डीबगिंगच. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच कारखान्यांतल्या आणि विमानांतल्या स्वयंचलनाबद्दल हा पेच मांडला होता: यंत्र रोजचं काम करतं, माणसाकडे देखरेख आणि अवघड प्रसंग उरतात, पण त्या प्रसंगांसाठी लागणारा सराव रोजच्या कामातूनच मिळत होता.

एक उदाहरण जवळून बघू. पायथनमध्ये एक यादी आहे, त्यातले सगळे ४ काढायचे आहेत. तुम्ही लूप लावला: यादीतली प्रत्येक संख्या घे, ती ४ असेल तर यादीतून काढ. ४, ७, ४, ९ वर चालवलं. ७, ९ उरले. झकास. टेस्ट हिरवी, कोड पुढे गेला. काही दिवसांनी ४, ४, ७, ९ अशी यादी आली आणि उत्तर आलं ४, ७, ९. एक ४ शिल्लक.

एआयला दाखवलंत तर अर्ध्या मिनिटात ते सांगेल की नवी यादी तयार करा, आणि तशी ओळ लिहूनही देईल. उपाय बरोबर आहे. पण आता कागदावर बघा. लूप स्वतःजवळ फक्त जागेचा क्रमांक ठेवतो: शून्य, एक, दोन. शून्य क्रमांकावर ४ सापडला, काढला. मागच्या सगळ्या संख्या एकेक घर पुढे सरकल्या. दुसरा ४ आता शून्यावर आला. लूप मात्र पुढे एक क्रमांकावर गेला आणि तिथे त्याला ७ दिसला. दुसऱ्या ४ कडे कोणी पाहिलंच नाही. मग पहिल्या यादीत सगळं बरोबर कसं आलं? तिथेही संख्या सुटल्या होत्या, पण त्या ७ आणि ९ होत्या, आणि त्यांना काढायचंच नव्हतं. कोड बरोबर नव्हता, नशीब बरोबर होतं.

ज्याने हे सरकणं स्वतः मांडून बघितलं, त्याला पुढे डिक्शनरीवर फिरताना तिच्यातलं काही काढल्यावर पायथनने दिलेला ‘फिरताना आकार बदलला’ हा एरर लगेच ओळखू येतो. जावामधलं कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शनही ओळखीचं वाटतं. रोग एकच आहे हे त्याला दिसतं. ज्याने ओळ चिकटवली त्याच्यासाठी हे तीन वेगवेगळे एरर असतात, आणि तीनदा वेगवेगळं विचारावं लागतं.

म्हणून बग आला की क्रम असा ठेवा. आधी तो हमखास घडवून आणता आला पाहिजे. मग इनपुट लहान करत जा. हजार नोंदींचं चार संख्यांवर आलं की डोळ्यांना दिसायला लागतं. मग डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावून एकेक पाऊल चालवा. नुसतं छापून बघितलं तरी चालेल, पण डीबगर शिकायला एक संध्याकाळ लागते आणि तो जन्मभर पुरतो. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ अशी तक्रार असेल तर गिटचं (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचं) बायसेक्ट शिका: दर वेळी निम्मे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, बाद होत जातात, त्यामुळे हजार कमिटमधला दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो. कारण सापडल्यावर उपाय एआयकडून घेतलात तरी फार बिघडत नाही. आणि दुरुस्तीनंतर एक प्रश्न चुकवू नका: हे आधी चालत कसं होतं?

पायरी ७: रिव्ह्यूला पाठवण्याआधी

पुल रिक्वेस्टमधली (तपासायला पाठवलेल्या बदलातली) प्रत्येक ओळ का आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ‘ते एआयने टाकलं’ हे रिव्ह्यूमध्ये उत्तर नव्हे. कमिटवर नाव तुमचं असतं. कुठला भाग एआयकडून घेतला ते वर्णनात लिहा, लाज वाटायचं कारण नाही. उलट रिव्ह्यू करणाऱ्याला कुठे जास्त बारकाईने बघायचं ते कळतं.

कंपनीचा कोड, ग्राहकांचा डेटा, पासवर्ड आणि एपीआय की बाहेरच्या साधनात टाकण्याबद्दल काय नियम आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. नियम माहीत नसेल तर टाकू नका.

पायरी ८: एजंट वापरताना

आताची साधनं एका सूचनेवर दहा फाइली बदलतात, टेस्ट चालवतात, चुकलं तर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतात. यात वर सांगितलेला वाचण्याचा भाग सर्वांत आधी सुटतो, कारण इतकं वाचायला कोणालाच नको असतं. नवख्याने दोन पथ्यं पाळावीत. पहिलं, आधी आराखडा मागा आणि तो वाचून त्यात निदान एक तरी शंका काढा. एकही सुचत नसेल तर काम तुमच्या आवाक्यापेक्षा मोठं आहे, त्याचे तुकडे करा. दुसरं, एका वेळी एकच बदल, एकच छोटा कमिट. आणि टेस्ट हिरव्या करण्यासाठी एजंटने टेस्टच तर बदलल्या नाहीत ना, हे डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या तुलनेत) सर्वांत आधी बघा. हे होतं.

पायरी ९: डेडलाइन आणि टीम लीड

आतापर्यंतचं वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण उद्या डेमो आहे. अगदी खरं. पंधरा मिनिटांची चैन दर वेळी परवडत नाही, आणि ज्युनियरवर वेगाचा दबाव असतो तो खोटा नाही. लीडशी मोघम बोलण्यापेक्षा नेमकं मागा: ‘हा बग मी एआयशिवाय सोडवून बघतो, दुपारपर्यंत नाही सुटला तर तुमच्याकडे येतो.’ वेळेची मर्यादा आणि पुढचा मार्ग दोन्ही सांगितलं की बहुतेक लीड नाही म्हणत नाहीत. दोन वर्षांनी मध्यरात्री सर्व्हर पडला की उठवता येईल असा माणूस त्यांनाही हवाच असतो. नाहीच म्हणाले तर आठवड्यातले दोन तास स्वतःचे काढा आणि टीमच्या जुन्या, बंद झालेल्या बगांपैकी एखादा उचला. उत्तर गिटमध्ये आहेच. दुरुस्तीच्या आधीच्या कमिटवर जायचं, आपण शोधायचं आणि मग ताडून बघायचं.

आणि डेमोच्या आदल्या दिवशी? एआयकडून करून घ्या, काम वेळेत द्या. फक्त जाताना एका फाइलमध्ये लिहून ठेवा: कुठल्या फाइलमधल्या कुठल्या ओळी मला कळलेल्या नाहीत. डेमो झाल्यावर त्यातली एक उचला. यादी वाढतच चालली आणि कमी होईना, तर ती घेऊन लीडकडे जा. नुसतं ‘मला शिकायला वेळ हवा’ म्हणण्यापेक्षा, ‘आपल्या प्रॉडक्टमधल्या या एवढ्या जागा टीममध्ये कोणालाच समजलेल्या नाहीत’ असं यादीसकट दाखवलं की लीड खुर्ची पुढे ओढून बसतो.